टाके निघाल्यावर

बायपास झालेल्या माणसाला घरी सोडताना हातात जो कागद देतात, त्यावर गोळ्यांची यादी लांबलचक असते आणि व्यायामाबद्दल दीड ओळ. 'रोज हलके चालणे. वजन उचलू नये.' पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पेन्शन घेणाऱ्या माणसाला ती दीड ओळ कदाचित पुरत असेल. डाळजसारख्या गावात पुरत नाही. इथे चालायचं कुठे हा पहिला प्रश्न, आणि वजन कशाकशाला म्हणायचं हा दुसरा.

ह्या अंकाच्या संपादकांनी यंदा विषय दिला 'दुसरा डाव'. त्यांच्या मनात खेळाडू असतील, नट असतील, साठीनंतर लग्न केलेली जोडपी असतील. माझ्या डोळ्यांसमोर आले ते छाती उघडून पुन्हा शिवलेले शेतकरी. उसाच्या पट्ट्यात हल्ली प्रत्येक गावात असे दोन-चार जण भेटतात. शर्टाचं वरचं बटण उघडं असलं की गळ्याखालून सुरू होणारी रेघ दिसते. ऑपरेशनच्या गोष्टी सगळेच रंगवून सांगतात. कोणत्या गाडीतून नेलं, किती बाटल्या रक्त लागलं, कोण कोण भेटायला आलं. घरी आल्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल विचारलं की मात्र गाडी अडते. 'काय न्हाय, पडून होतो,' इतकंच.

हायवे, बांध आणि अंगण

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकलं की डाव्या बाजूला उजनीचं पाणी सोबतीला येतं. डाळज ह्याच रस्त्याला लागून. सरकारी दप्तरात ते एक नाही, तीन आहेत: डाळज नंबर १, २ आणि ३. भीमेवरचं धरण १९८० साली पूर्ण झालं, पाणी पसरलं, पाण्यामागून ऊस आला. हिवाळ्यात कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. पहाटे टोपी-बूट घालून पाण्याकाठी चालणारी माणसं बहुतेक त्या गाड्यांतली. गावातलं कुणी नुसतं चालायला म्हणून बाहेर पडलं तर लोक थांबून विचारतात, 'का ओ, गाडी बंद पडली का?'

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना नातवंडं आबा म्हणतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मीही आबाच म्हणतो. वय साठीच्या पुढे, थोडा ऊस, थोडी मका, दावणीला दोन गाई. बायपास पुण्यात झालेली. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ते हायवेच्या कडेने चालायला गेले आणि परत येऊन म्हणाले, हृदयविकारानं नाही तर ट्रॉलीखाली जाईन. गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, आणि कडेच्या रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली. बांधावरून जावं तर बांध अरुंद, पाटाच्या पाण्यानं निसरडा. ज्या पायातून शीर काढलेली असते तो पाय सुजलेला, जड. तोल जाऊन माणूस पडला तर आधी हात टेकतो आणि हातावरचा सगळा भार येतो छातीवर. उंच उसातून दिवस उगवायच्या आत जायला बिबट्याची धास्ती वेगळीच.

शेवटी अंगण कामी आलं. गोठ्यापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या. पाच मिनिटं सकाळी, पाच दुपारी उन्हं कलल्यावर, पाच संध्याकाळी. शेजारी हसले. आबांना त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं, ऑपरेशनपेक्षा जास्त. पण दवाखान्यातल्या रुंद व्हरांड्यात नर्सनं त्यांना जे चालवलं होतं, त्याचीच ही पुढची पायरी होती आणि ती बरोबर होती. सुरुवातीला एकदम लांब चालण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा, सपाट जागेवर, घरापासून जवळ. दर दोन-तीन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवायची. चार ते सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासाच्या आसपास पोचलं की गाडी रुळावर आहे असं समजतात. पुढे आबांनी जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान धरलं. सपाट, कुंपण असलेलं, पोरं येईपर्यंत मोकळं. माझ्या मते प्रत्येक गावात हृदयरोग्यासाठी आधीच बांधून ठेवलेली जागा ही एवढीच.

छातीत काय झालेलं असतं

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला सगळ्यात जास्त भीती हृदयाची वाटते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जपायचं असतं ते मात्र मुख्यतः हाडाला. बहुतेक बायपासमध्ये छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापतात आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात. हात मोडला तर प्लास्टरमध्ये स्वस्थ ठेवता येतो. छातीला ती सोय नाही; श्वासागणिक ती हलते, दिवसाला वीस हजारांवर वेळा. तरीही सहा ते आठ आठवड्यांत हाड बऱ्यापैकी सांधतं, आणि पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. मधुमेह असेल, तंबाखू-बिडी चालू असेल, तर जास्त.

शिवाय पायातली किंवा हातातली रक्तवाहिनी काढलेली, छातीच्या आतून एक धमनी वळवलेली. त्यामुळे डाव्या छातीला महिनोन्‌महिने बधिरपणा राहतो आणि लोक घाबरतात. रक्त कमी झालेलं, फुप्फुसांचे खालचे भाग नीट न फुगलेले. दवाखान्यात तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र देऊन श्वास ओढायला लावतात ते ह्याचसाठी. आबांच्या घरी ते नातवाच्या खेळण्यांत सापडलं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे तारांवर ताण कमी येतो. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांची नाडी काही काळ अनियमित होते, गोळ्यांनी ती बहुधा ताळ्यावर येते. पण घरी आल्यावर पुन्हा धडधड सुरू झाली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवायला हवं.

ही शस्त्रक्रिया आज ज्या रूपात होते त्या रूपाला आकार दिला रेने फावालोरो ह्या अर्जेंटिनी शल्यविशारदानं, अमेरिकेत क्लीव्हलँडला, १९६७ साली. त्याआधी बारा वर्षं तो आपल्या देशातल्या माळरानावरच्या एका खेड्यात साधा गावडॉक्टर होता. भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. तेव्हा ती वर्तमानपत्रातली बातमी होती. आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कार्डावर शेतमजुराचीही होते. शस्त्रक्रिया गावापर्यंत पोचली. नंतरचं शिकवणारा माणूस पोचला नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ह्या लेखाचं कारणही तेच.

खाटेचा आजार

आबांच्या घरात पहिले दोन महिने सून, मुलगा, मालकीणबाई सगळ्यांनी मिळून त्यांना अक्षरशः खाटेला बांधलं. तांब्या हातात, जेवण हातात, टीव्हीचा रिमोट हातात. अंगणातल्या येरझाऱ्या हाच काय तो वाद घालून मिळवलेला हक्क. प्रेमच ते. पण अशा प्रेमाचे परिणाम मोजून ठेवलेले आहेत.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच धडधाकट, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचांना पुन्हा तपासलं. पन्नाशीत आलेले, वजन वाढलेले. तरीही तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं बिघडवलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं बिघडवलं होतं. विशीतल्या पोरांची ही गत, तर साठीच्या, नुकतंच रक्त गेलेल्या माणसाचं काय होत असेल!

डॉक्टरांनाही हे उशिरा पटलं. एके काळी हृदयविकाराचा झटका आला की सहा आठवडे पडून राहायचं, हाच शिरस्ता होता. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पुढे चक्र उलटं फिरलं. टोरांटोच्या टेरेन्स कॅव्हानाग यांनी तयार केलेले सात हृदयरोगी १९७३ साली बोस्टनची मॅरेथॉन धावले. मुंबई मॅरेथॉनमध्येही बायपास झालेली माणसं धावली आहेत. आपल्याकडचंच मोठं उदाहरण द्यायचं तर डॉ. मनमोहन सिंग. २००९ च्या जानेवारीत पंतप्रधानपदावर असताना त्यांची दुसऱ्यांदा बायपास झाली आणि त्यानंतर २०१४ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळलं.

देखरेखीखालच्या व्यायामानं हृदयरोग्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात, हे जगभरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. पण देखरेख हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. डाळजच्या माणसानं त्यासाठी आठवड्यातून तीनदा पुण्याला जायचं का? जायला-यायला दोनशेच्या वर किलोमीटर, एसटीचे धक्के, सोबतीला एका माणसाची मजुरी बुडालेली. बारामती जवळ आहे. तिथे २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तरी आठवड्यातून तीनदा म्हणजे तीनदा.

बादली म्हणजे वजन का?

बारामतीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे मी हा प्रश्न घेऊन गेलो. त्यांच्या टेबलावर छापील पत्रकांऐवजी एक वही होती. नवा रुग्ण आला की त्या आधी विचारतात, 'दिवसभर काय काय करता ते उठल्यापासून सांगा.' आणि लिहून घेतात. धारा, शेण, वैरण तोडणं, कडबाकुट्टी, मोटार चालू करणं, पाण्याची दारं धरणं, औषध मारणं. मग एकेका कामापुढे आठवडा लिहितात.

ही वही मला छापील तक्त्यांपेक्षा शंभर पटीनं शहाणी वाटली. कारण 'वजन उचलू नये' ह्यातलं वजन पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी साधारण दोन ते साडेचार किलो धरतात. शल्यविशारदागणिक आकडा थोडा हलतो. आता शेतकऱ्याच्या घरातली वजनं पाहा. पाण्याची भरलेली बादली पंधरा किलोच्या घरात. दुधाचं चाळीस लिटरचं कॅन हलवायला दोन तगडे गडी लागतात. युरियाची गोणी ४५ किलोची. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास, आणि त्याचे पट्टे नेमके खांदे मागे ओढून हाडाच्या शिवणीवर ताण आणतात. आबा म्हणाले, 'मी समजलो वजन म्हंजी पोतं. बादली काय, बादली तर पोरंबी उचलत्यात.'

नुसतं वजनच नाही, ते कसं पेललं जातं हेही बघावं लागतं. मॅडमनी मला खुर्चीतून उठवून दाखवलं: दंड बरगड्यांना चिकटलेले, कोपर अंगाजवळ ठेवून केलेली हालचाल हाडाला फारसा त्रास देत नाही. हात लांब फेकून केलेली तीच हालचाल देते. अमेरिकेत २०१६ च्या सुमारास काही फिजिओथेरपिस्टांनी हाच विचार पुढे मांडला, की 'हे करू नका, ते करू नका' अशी यादी देऊन माणसाला भेदरवण्यापेक्षा हात अंगालगत ठेवून कामं करायला शिकवावं. म्हणजे अंगाजवळ धरलेला तांब्या चालेल. लांबून ओढलेला विहिरीचा दोर चालणार नाही. हँडपंप नाही, जुन्या गाडीची किक नाही, इंजिनाचं हँडल तर मुळीच नाही. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल हाड सांधल्याची खात्री करून, डॉक्टरांना विचारून.

दुसरी अडचण दम रोखण्याची. गोणी उचलताना, रुतलेली ट्रॉली ढकलताना माणूस नकळत श्वास कोंडून जोर लावतो. त्या क्षणी रक्तदाब झपकन वर जातो. शौचाला जोर देतानाही तेच, म्हणून बायपासनंतर पोट साफ राहणं ही व्यायामाइतकीच गंभीर बाब आहे. वजन उचलायची परवानगी मिळाल्यावरसुद्धा जोर लावताना श्वास सोडत राहायचा. टीव्हीवर पाहून केलेले योगाचे प्रकारही ह्याच चाळणीतून काढावे लागतात: सुरुवातीचे तीन महिने दंडासारखा हातांवर भार नको, भुजंगासन नको, कुंभक नको. योग मात्र वर्ज्य नाही. भारतातल्या २४ रुग्णालयांत झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार जणांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा झटका किंवा मृत्यू कमी झाल्याचं त्यात ठामपणे सिद्ध झालं नाही, पण माणसं पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतली आणि त्यांना अधिक बरं वाटलं. गावात ट्रेडमिल येण्याची वाट पाहण्यापेक्षा हे जवळचं आहे.

मग शेतातलं काम हाच व्यायाम नाही का? हा प्रश्न मला डाळजमध्ये प्रत्येकानं विचारला, थोडं चिडूनच. जन्मभर राबलेल्या माणसाला 'व्यायाम करा' म्हणणं ही त्याला चेष्टाच वाटते. अडचण अशी की शेतातलं काम पायरीपायरीनं वाढत नाही. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या दोन-तीन पट सावकाश चालायला लागते. फावड्यानं माती ओढायला पाच-सहा पट किंवा अधिक. चालण्यात मधली प्रत्येक पायरी आपल्या हातात असते. पाटाचं पाणी फुटलं की मधली पायरी नसते. माणूस धावतो, फावडं मारतो, वाकतो, आणि रात्रीच्या पाळीची वीज असली तर हे सगळं झोपेतून उठून, थंडीत, अंधारात. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, अंग तापलेलं नसतं. म्हणून मॅडमच्या वहीत दारं धरण्यापुढे सगळ्यात उशिराचा आठवडा होता, तोही दिवसाच्या पाळीचा. धारा काढणं त्यांनी मध्यावर ठेवलं होतं, उंच स्टुलावर बसून, एकाच गाईची. उकिडवं बसायचं नाही.

बायकांची बायपास

गावातल्या एका घरी बायपास झालेल्या काकू भेटल्या. त्यांच्यासाठी कुणी वही केलेली नव्हती. 'तुम्ही घरातच असता, तुम्हाला आरामच,' असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांचा आराम असा: परातीत दोन्ही तळव्यांचा जोर देऊन पीठ मळणं, जमिनीवर बसून भाकरी, उठताना हात टेकणं, ओली गोधडी पिळणं, हंडा. ह्यातलं भाकरी थापणं सोडलं तर पहिल्या तीन महिन्यांत एकही गोष्ट करायची नाही. जमिनीवरून हात टेकून उठणं हे तर उघडउघड हाडावर भार टाकणं आहे. ओट्याजवळ स्टूल, उंच पलंग, संडासात कमोडची खुर्ची. उठताना आधी कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. काकूंना ह्यातलं जे कळलं ते शेजारच्या गावात नर्स असलेल्या भाचीकडून, चौथ्या आठवड्यात. चालायला म्हणून त्या एकदाही बाहेर पडल्या नव्हत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, 'बाईमाणूस रिकामं फिरतंय म्हनतील.' मी तोडगा विचारला तर सूनबाईंनीच सांगितला: नातीला शाळेत सोडायला आणि आणायला आता काकूच जातात. दोन फेऱ्या होतात आणि कुणी काही म्हणत नाही.

नाडी की बोलणं?

किती जोरात चालायचं, हे ठरवायला शहरात मनगटावर घड्याळं असतात. ती इथे थोडी फसवी ठरतात, कारण बायपासनंतर अनेकांना नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असते. दम लागला तरी आकडा वर जात नाही. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची. चालता चालता सोबत्याशी दोन वाक्यं बोलता यावीत, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. वाक्य तुटायला लागलं तर कमी करायचा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं सावकाश, शेवटचीही तशीच. एकदम थांबून ओट्यावर बसकण मारली तर पायातलं रक्त पायातच राहतं आणि भोवळ येते. जेवण झाल्या झाल्या नाही, एप्रिल-मेच्या उन्हात नाही, ताप असताना नाही. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं खिशात साखर ठेवायची.

आणि थांबायचं कधी, हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. छातीत जखमेच्या दुखण्यापेक्षा वेगळं, आवळल्यासारखं किंवा जबड्या-खांद्याकडे जाणारं दुखणं, बसूनही न थांबणारा दम, भोवळ, अनियमित धडधड. अशा वेळी १०८ ला फोन, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मधे बसवून नेणं नाही. हाडात हलल्यासारखं वाटून टकटक आवाज येणं, जखमेतून पाणी, ताप, एकाच पोटरीची नव्यानं वाढलेली सूज, दोन दिवसांत दीड-दोन किलोनं वाढलेलं वजन, ह्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर. दुधाच्या डेअरीवर वजनकाटा असतो. आबा सकाळी दूध घालायला मुलाबरोबर जातात आणि स्वतःही काट्यावर उभे राहतात.

तपासणी सहा-आठ आठवड्यांनी असते. तिथे डॉक्टर बहुधा इको करतात, गरज वाटली तर पट्ट्यावर चालवून ताणाची चाचणी घेतात. लोक तिथे 'सगळं ठीक' एवढं ऐकून परततात. तिथेच कामांची यादी काढून एकेक विचारायला हवं. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलही. तो प्रश्न गावात कुणी विचारत नाही, डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत, आणि दोन माणसं वर्षानुवर्षं भीतीपोटी वेगळ्या खोल्यांत झोपतात. दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता आले तर बहुतेकांना हरकत नसते. फक्त हाड सांधेपर्यंत हातांवर भार नको.

वारीला जाऊ का?

आबांच्या मनात खरा प्रश्न उसाचा नव्हताच. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. ऑपरेशनच्या आदल्या वर्षापर्यंत ते त्या वाटेनं चालत होते. 'यंदा न्हाय गेलो. पुढच्या आषाढाला जाऊ का?'

मॅडमनी हा प्रश्न धुडकावला नाही, हे मला आवडलं. त्यांनी तो वहीत लिहिला आणि मागे मोजत आल्या. वारीतला एक टप्पा वीस किलोमीटरच्या आसपास असतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. त्यासाठी आधी रोज पाऊण तास महिनाभर, मग आठवड्यातून एकदा दीड तास, मग तीन. ताणाची चाचणी निर्धोक निघालेली. गोळ्या पिशवीत न ठेवता अंगावर. तंबूत जमिनीवर झोपण्याची आणि उठण्याची तालीम घरीच. पाठीवर बोजा नाही. पहिल्या वर्षी सगळी वाट नको, बेलवाडीचं रिंगण पाहून निमगावपर्यंत एकच टप्पा, आणि सोबत मोटारसायकलवाला कुणीतरी.

आबांना एक टप्पा मान्य नाही. ते इंदापूरपर्यंत म्हणतात. मुलाला एकही टप्पा मान्य नाही. मालकीणबाई म्हणतात त्या स्वतः सोबत चालणार, आणि त्यासाठी त्यांनीही शाळेच्या मैदानावर यायला सुरुवात केली आहे. त्यांचा वेग आबांपेक्षा जास्त आहे.